पान पिवळे पडले, पण कुठले?

परसबाग आणि कुळागर : वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. रासायनिक खत घालत नाही, विषारी फवारणी करत नाही, शेणखत आणि जीवामृत नेमाने देतो, तरी पाने पिवळी पडतात. म्हणून या अंकातली सगळी जागा पिवळ्या पानांना दिली आहे. पत्र लिहिताना एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांनी गाळली, आणि निदान तिच्यावरच उभे असते: पिवळेपणा आधी कुठे आला, बुंध्याकडच्या जुन्या पानांवर की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर?

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते. त्यामुळे आधी खालची पाने पिवळी होतात. लोह, मँगनीज आणि गंधक एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत. ती कमी पडली की नवी पालवीच फिकी येते. खालची-वरची पाने एकदम मलूल झाली तर आधी मुळे आणि पाणी तपासावे. ठिपके, जाळी किंवा ठिगळे दिसली तर कीड किंवा विषाणू. एवढे ठरवल्याशिवाय खताची पिशवी उघडू नये.

प्रश्न : गादीवाफ्यावर मिरचीची साठ रोपे आहेत. ऑगस्टपासून खालची पाने फिकट होऊन पूर्ण पिवळी पडतात आणि गळतात. वाफ्यात लाकडाचा भुसा आणि सुका पालापाचोळा मिसळला होता. दर आठवड्याला जीवामृत दहापट पाण्यातून, रोपाला एक मग देतो. आणखी किती द्यावे? (म्हापसा परिसर, बार्देश)

उत्तर : जीवामृत वाढवून हा पिवळेपणा जाणार नाही. शिरांसकट सारखे पिवळे होणारे खालचे पान, बारीक खोड आणि शेंड्याला अजून हिरवेपणा, हे नत्र कमी पडल्याचे लक्षण आहे. त्याची कारणे तुमच्याच पत्रात आहेत.

पहिले कारण भुसा. मातीतले जिवाणू भुसा कुजवायला घेतात तेव्हा त्यांनाही नत्र लागते, आणि भुशात कर्ब प्रचंड, नत्र नावापुरते. मग ते आजूबाजूच्या मातीतले नत्र उचलतात. ते नत्र नाहीसे होत नाही, पण रोपाला हवे तेव्हा मिळत नाही. भुसा, भाताचा तूस, न कुजलेला काथ्या मातीत मिसळू नये. वरून आच्छादन म्हणून चालतो, कारण तेव्हा ही ओढाताण मातीच्या वरच्या पातळ थरापुरती राहते.

दुसरे कारण पाऊस. गोव्यात जून ते सप्टेंबर मिळून तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपली तांबडी चिऱ्याची माती निचऱ्याची असली तर विरघळलेले नत्र मुळांच्या खाली धुऊन जाते. मेच्या अखेरीला एकदाच घातलेले खत ऑगस्टला पुरत नाही.

तिसरे कारण हिशेबाचे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन यांच्या जीवामृतात ढोबळमानाने दोनशे ते अडीचशे ग्रॅम नत्र असते, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम. दहापट पाणी घालून अर्ध्या लिटरचा मग दिला तर रोपाला ०.०५ ग्रॅम पोचते. मिरचीच्या रोपाला हंगामात तीनेक ग्रॅम तरी लागते. जीवामृताचे काम जिवाणूंना चालना देण्याचे आहे. पोटभर अन्न दुसरीकडून यायला हवे.

आता करायचे ते असे. रोपाभोवती वीतभर अंतरावर उथळ चर ओढून प्रत्येकी ५० ग्रॅम निंबोळी किंवा करंज पेंड आणि अर्धा किलो चांगले कुजलेले गांडूळखत घाला व मातीने झाका. पेंडीतून दोन-अडीच ग्रॅम नत्र मिळते, पण ती कुजायला दोन-तीन आठवडे घेते. तोवरची भूक भागवायला १ किलो शेंगदाणा पेंड १० लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, रोज ढवळा, गाळा, आणि एक भाग रसाला दहा भाग पाणी घालून रोपाला एक लिटर द्या. दहा दिवसांनी पुन्हा, असे तीनदा. पाऊस कोसळत असताना देऊ नका, सगळे वाहून जाईल. न पातळ केलेला पेंडीचा रस किंवा गोमूत्र मुळांशी ओतले तर दुसऱ्याच दिवशी पानांच्या कडा करपतात.

पिवळे झालेले पान परत हिरवे होणार नाही. दहा-बारा दिवसांनी नवी पाने बघा. ती गडद आली तर उपाय लागू पडला. पुढच्या वर्षी वाफ्याच्या मेरेवर गिरिपुष्प लावा. त्याचा कोवळा पाला फुलण्यापूर्वी कापून वाफ्यावर पसरला की लवकर विरतो. आपल्या हवामानात इतके सोपे, फुकटचे नत्र दुसरे नाही.

प्रश्न : टोमॅटोच्या जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला आहे. पावसाळा संपल्यावर सुरुवात झाली. चुलीची राख आठवड्यातून एकदा बुंध्याशी टाकते. (वाळपई, सत्तरी)

उत्तर : हे मॅग्नेशियम आहे. नत्रात शिराही पिवळ्या होतात. इथे त्या हिरव्या राहतात आणि पानाच्या देठाकडचा भागही बराच वेळ हिरवा टिकतो. पालाश कमी असते तर पिवळेपणा पानाच्या कडेने सुरू होऊन कड तपकिरी, करपल्यासारखी झाली असती.

आपल्या आम्ल मातीत मॅग्नेशियम मुळात थोडे, त्यातले पावसाने आणखी धुऊन नेले. वर दर आठवड्याची राख. राखेत पालाश आणि चुना भरपूर असतो, आणि जास्त पालाश मुळांना मॅग्नेशियम घेऊ देत नाही. राख वाईट नाही. तांबड्या मातीचा आंबटपणा ती कमी करते, पण वर्षाला चौरस मीटरला ओंजळभर, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास पुरे. आता तीन-चार महिने थांबवा.

तात्पुरता उपाय एप्सम मिठाचा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा. लिटरला १० ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारा. दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. हे खनिज मीठ आहे. तुमच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर वापरण्यापूर्वी प्रमाणन संस्थेला कळवा. कायमचा उपाय डोलोमाइटचा. त्यात चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही असल्याने आपल्या जमिनीला तो साध्या चुन्यापेक्षा बरा. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला १५० ग्रॅम पसरून मातीत मिसळा. बारा इंची कुंडीला २० ग्रॅम.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांत मिरची आणि जास्वंदीची नवी पाने पिवळीधमक येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. कुंड्यांत अंड्याची टरफलेही टाकतो. गोव्याची माती लोखंडाने भरलेली असताना लोह कमी कसे पडेल? (मडगाव)

उत्तर : शंका रास्त आहे. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असते, आणि जमिनीत लावलेल्या झाडाला इथे लोह कमी पडणे दुर्मीळच. पण मातीत असणे आणि मुळांनी उचलणे वेगळे. सामू (पीएच) सातच्या वर गेला की लोह गंजासारखे घट्ट होऊन बसते. कुंडीत सामू वाढवणाऱ्या गोष्टी शोधा: घराच्या दुरुस्तीतला चुना-सिमेंटचा राडारोडा निचऱ्यासाठी तळाशी घातला आहे का? सिमेंटच्या नव्या कुंड्या आहेत का? राख घालता का? बोअरचे जड पाणी देता का?

दुसरी शक्यता गुदमरलेल्या मुळांची. तळाचे भोक बुजले की माती सतत ओली राहते आणि मुळे लोह उचलू शकत नाहीत, मातीत ते असूनही. कुंडी उपडी करून मातीचा गोळा बाहेर काढा. पांढरी, टणक मुळे निरोगी. तपकिरी, बोटाने सोलली जाणारी आणि कुजका वास येणारी मुळे मेलेली.

राडारोडा निघाला तर फवारण्या करत बसू नका, माती बदला. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाडसर नदीची वाळू. बुडाशी चिऱ्याचे तुकडे चालतील, काँक्रीटचे नको. अंड्याची टरफले कुंडीत टाकता असे लिहिले आहे. ती अख्खी टाकली तर इतक्या हळू विरघळतात की त्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही.

प्रश्न : कुळागरात (सुपारीच्या मिश्र बागेत) माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढवलेल्या मिरवेली ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पिवळ्या पडू लागल्या. पानगळ होते, काही वेलींचे शेंडे सुकतात. पाऊस सुरू झाला की निम्म्या वेली पुन्हा पालवतात, पण दरवर्षी आधीपेक्षा बारीक. पाट वाहता आहे, पाणी कमी नाही. (सावईवेरे, फोंडा)

उत्तर : तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द ‘दरवर्षी’ आहे. मिरीची मर दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

एक झटक्याची मर. ती भर पावसात येते. पानांवर काळे, ओलसर, कडेला झिरमिळ्यांसारखे पसरणारे डाग, बुंध्याशी काळा कुजवा, आणि दोन-तीन आठवड्यांत अख्खी वेल जाते. पिवळे पडायला तिला वेळच मिळत नाही. ही फायटोफ्थोरा या पाण्यातून पसरणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूची करणी.

दुसरी हळू मर, आणि तुमच्याकडे हीच आहे. जमिनीतल्या सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी) बारीक पोषक मुळे खातात, काही गाठी करतात, काही आत बिळे करतात; त्या जखमांतून रोगजंतू शिरतात. पावसात माती ओली असेतो उरलेली मुळे वेलीला सांभाळतात. ऑक्टोबरनंतर ओल उतरली की ती पुरी पडत नाहीत आणि वेल पिवळी होते. म्हणून पाणी वाढवून काम होत नाही: प्यायला तोंडच उरलेले नाही. उलट पाटाचे पाणी एका वेलीच्या बुंध्यावरून दुसरीकडे जात असेल तर सूत्रकृमी आणि रोगजंतू तेच पाणी वाटत जाते. पाट वेलींच्या वरच्या बाजूने वळवा.

खात्री करण्यासाठी बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, एकाच बाजूला, हाताने चार बोटे माती सारा. निरोगी वेलीची केसासारखी पांढरी मुळे तिथे दाट सापडतात. तुमच्याकडे गाठाळ, तुटकी, काळपट मुळे दिसतील. कुदळ लावू नका. मिरीची मुळे उथळ असतात आणि प्रत्येक जखम रोगाला दार ठरते. शेजारची निरोगी वेलही तशीच पाहा, म्हणजे फरक कळेल.

अर्ध्याहून जास्त पाने गेलेली आणि शेंडे सुकलेली वेल वाचवण्याच्या भानगडीत पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ती मुळांसकट काढून कुळागराबाहेर जाळा. खड्डा उन्हात उघडा ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे नवी वेल लावू नका. बाकीच्या वेलींना मे अखेर ते जूनच्या पहिल्या सरीनंतर आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेले शेणखत व निंबोळी पेंड द्या. १०० किलो ओलसर, पूर्ण कुजलेल्या शेणखतात १ ते २ किलो ट्रायकोडर्मा कालवून सावलीत गोणपाटाखाली पंधरा दिवस ठेवा. खतावर हिरवट-पांढरी बुरशी पसरली की तयार. वेलीला हे ५ ते १० किलो आणि १ किलो निंबोळी पेंड, बुंध्यापासून फूटभर दूर, वरवर पसरून पाल्याने झाकून. सूत्रकृमींसाठी पोकोनिया ही उपयोगी बुरशी मिळाली तर वेलीला ५० ग्रॅम याच खतातून द्यावी. एका आड एक वर्षी एप्रिल-मेमध्ये वेलीला ५०० ग्रॅम चुना किंवा डोलोमाइट.

पावसाळ्यापूर्वी जमिनीवर लोळणाऱ्या वेली बांधून वर घ्या किंवा कापून टाका. झटक्याच्या मरीचे रोगजंतू मातीच्या शिंतोड्यांबरोबर आधी त्याच पानांवर येतात.

बोर्डो मिश्रण अनेक जण सगळ्या रोगांवर एकच औषध म्हणून मारतात. ते झटक्याच्या मरीला रोखते, सूत्रकृमींना काही करत नाही. शिवाय त्यातले तांबे ट्रायकोडर्मालाही मारते, म्हणून दोन्हींत किमान तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवा, आणि बोर्डो पानांवर, ट्रायकोडर्मा मातीत, ही वाटणी मोडू नका. एक टक्क्याचे १० लिटर मिश्रण करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवा, दुसऱ्या बादलीत १०० ग्रॅम कळीचा चुना फोडून ५ लिटर करा, आणि मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओता. उलटे करू नये. लखलखीत सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर पाने जळतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. प्रमाणित बागेत तांब्याच्या वापरावर मर्यादा असतात, त्या आधी विचारून घ्या.

एक शेवटची गोष्ट. माडीची झाडे काढल्यामुळे काही ठिकाणी वरची सावली उघडली असेल तर तिथल्या वेली उन्हाच्या बाजूनेच पिवळ्या पडतात, दुसऱ्या बाजूला हिरव्या राहतात. ती मर नव्हे. अशा वेलींवर मार्च-एप्रिलपुरत्या माडाच्या झावळ्या बांधल्या तरी पुरते.

प्रश्न : माडीची खालची झापे टोकाकडून पिवळी पडतात, सुपारी आत काळसर निघते. खत वाढवू का? (सांगे)

उत्तर : सुपारीच्या आतला भाग काळवंडून ठिसूळ होत असेल आणि झापाच्या पात्यांचा पिवळेपणा टोकाकडून येताना मधल्या शिरेलगत हिरवा पट्टा सोडत असेल, तर केरळ आणि कर्नाटकातल्या बागांना पिडणाऱ्या पिवळ्या पानांच्या रोगाची शंका घ्यावी लागेल. तो फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजंतूमुळे होतो, तुडतुड्यासारख्या एका किडीमार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. खात्री स्वतः करू नका. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेला झाप, मुळे आणि सुपारी दाखवा. सुपारी आत चांगली असेल तर मात्र बहुधा तुंबलेले पाणी किंवा पालाश-मॅग्नेशियमची कमतरता. दोन ओळींमधला चर पावसाळ्यापूर्वी साफ करा आणि झाडाला वर्षाला १२ किलो शेणखत, १२ किलो हिरवा पाला द्या. राख इथे चालेल, सोबत डोलोमाइट.

प्रश्न : सात शिरांच्या भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांची जाळी आली आहे. कोवळी फळेही पिवळी. (डिचोली)

उत्तर : हा विषाणू आहे, खताचा प्रश्न नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. जाळी आलेले झाड बरे होत नाही. दिसले त्या दिवशी उपटा, पिशवीत बांधून बाहेर काढा, उरलेल्यांवर लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, थोडा साबण घालून, पानांच्या खालच्या बाजूने आठवड्याला फवारा. पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीला लावा. पावसाचा जोर असेतो माशी कमी असते, उघाडीत वाढते, तेव्हा लक्ष ठेवा. आजारी वाफ्यातले बी धरून स्वतःचे बियाणे करू नका. विषाणू बियातून जात नसला तरी अशक्त झाडाचे बी अशक्तच येते. अर्का अनामिका आणि परभणी क्रांती ही वाणे या रोगाला त्या मानाने सोसतात, पण चव आणि गर सात शिरांच्या भेंडीचाच हवा असेल तर हाताने उपटण्याची मेहनत घ्यावी लागेल.

प्रश्न : आगशीच्या वांग्याची भरात आलेली झाडे दुपारी माना टाकतात, संध्याकाळी उभी राहतात, चार दिवसांत मरतात. पाने फारशी पिवळीही होत नाहीत. पाणी कमी पडते का? (आगशी, तिसवाडी)

उत्तर : माती ओली असताना झाड कोमेजत असेल तर पाणी देणे ताबडतोब थांबवा. जिवाणूजन्य मर आहे का ते पाच मिनिटांत कळते. बुंध्यालगतचे खोड बोटभर लांब कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभे धरा, हलवू नका. कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे पाण्यात उतरू लागले तर निदान पक्के.

जिवाणू मातीत वर्षानुवर्षे राहतो, मुळांच्या जखमांतून शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करतो. तो वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा या एका कुटुंबाला विशेष धरतो. उपटलेली झाडे खतात टाकू नका, जाळा. त्या वाफ्यात तीन वर्षे या चौघांपैकी काही लावू नका. मका, भात, तांबडी भाजी, चवळी चालेल. शेजारच्या वाफ्यातून पाणी, फावडे किंवा चप्पल मातीसकट नेऊ नका. खुरपणी खोल करू नका. पुढच्या वेळी आगशीच्या वांग्याचे कलम रानवांग्याच्या खुंटावर करून लावले तर वांगे आगशीचेच मिळते आणि मूळ रोग सोसणारे. रोप पेन्सिलएवढे जाड झाले की पाचरकलम बसते. सात-आठ दिवस सावलीत, दमट पिशवीखाली ठेवावे लागते. साधे वाण चालत असेल तर अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ या मरीला दाद देत नाहीत.

परीक्षेत धागे निघाले नाहीत आणि मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी. चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या बाजूला चिकटलेल्या, बोटाने सुटणाऱ्या आणि आतून गुलाबी, हवेतले नत्र धरणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ मुळातच फुगलेली असते, सुटत नाही. या दोघांत गल्लत होऊन चांगली चवळी उपटली जाते.

प्रश्न : फेब्रुवारीनंतर मिरची आणि चवळीच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपतात. विहीर किनाऱ्यापासून जवळ आहे. (मोरजी, पेडणे)

उत्तर : उन्हाळ्यात विहिरीची पातळी उतरली की खारे पाणी गोड्या पाण्याच्या जागी सरकते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. जानेवारीपासून दर पंधरवड्याला पाणी मोजून वहीत लिहा. ४५० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत निर्धास्त, ४५० ते २००० मध्ये सांभाळून, त्यावर भाजीला देऊ नका. मिरची या कक्षेच्या खालच्या टोकापासूनच त्रास दाखवू लागते, तांबडी भाजी आणि बीट अधिक सोसतात.

खारे पाणी थोडे थोडे वारंवार देणे सर्वांत वाईट, कारण पाणी उडते आणि मीठ मुळांजवळ साचते. द्यायचे तर सकाळी, भरपूर, तळातून निथळेल इतके, मग दोन दिवस थांबून. आणि पानांवर न पडता. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर गोड्या पाण्याने, कुंडीतल्या मातीच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओतून धुऊन काढा, मगच खत द्या. जाड आच्छादन घाला. सुक्या मासळीचे किंवा खारवणीचे पाणी भाजीच्या आळ्यात टाकण्याची सवय असेल तर ती या महिन्यांत बंद.

एक पडताळणी जरूर करा. त्याच महिन्यांत कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीडही येते. पान पांढऱ्या कागदावर झटकून बघा. सुईच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर डाग पडला तर करपणे मिठाने नाही, कोळ्याने. तेव्हा पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तीन दिवस धुवा. नंतर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम. भर उन्हात आणि कडुनिंबाच्या तेलाच्या फवारणीनंतर पंधरा दिवसांच्या आत गंधक मारू नका, पाने भाजतात.

प्रश्न : पिवळी पाने तोडून टाकावीत का? (काणकोण)

उत्तर : सर्वांत खालची दोन-तीन पाने वयाने पिवळी पडतात, ती आपोआप गळतात, तोडायची गरज नाही. रोगट किंवा जाळीची पाने तोडा आणि बाहेर न्या. नत्र कमी पडलेल्या झाडाची अर्धपिवळी पाने मात्र राहू द्या, झाड त्यातले अन्न अजून शेंड्याला पाठवत असते. उतारावरच्या खोला या स्थानिक मिरचीत ऑक्टोबरनंतर, फळे पिकू लागल्यावर खालचा भाग पिवळा होतो, तो फळांत अन्न गेल्यामुळे. तिथे खत घालून फळांची पक्वता लांबवू नका.

प्रश्न : मातीचा नमुना कसा घ्यावा? (अनेक वाचक)

उत्तर : खत घालण्यापूर्वी, माती वापशावर, म्हणजे फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही, अशी असताना. पृष्ठभागावरचा पाला बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि कडेचा दोन बोटे जाड काप वरपासून खालपर्यंत काढा. वाफ्यातल्या आठ-दहा जागांहून असेच काप. मेर, शेणखताचा ढीग, झाडाचा बुंधा आणि पाटाची कड टाळा. सगळी माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, गंजलेले लोखंडी भांडे नको, नाहीतर लोहाचा आकडा फुगतो. ढीग चार भागांत करून समोरासमोरचे दोन भाग टाका, असे अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. पिवळ्या झाडांची आणि हिरव्या झाडांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, पीक आणि घातलेली खते लिहून, तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात द्या. अहवालात सामू ५.५च्या खाली आला तर आधी डोलोमाइट, मग खत. तोवर घातलेल्या खतातले बरेचसे स्फुरद (फॉस्फरस) लोहाला आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसते.